फिनलंडला निघालेल्या जावयाचं वाण

पहिला अनारसा हसला.

तुपात सोडला न सोडला तोच त्याला भेगा गेल्या आणि बघता बघता कढईभर त्याचा चुरा झाला. अनारसा असा विरला की 'हसला' म्हणायची पद्धत आहे. रडू येतं ते करणारीला. उत्तराबाईंनी झाऱ्यानं चुरा वेचून काढला, राहिलेल्या गोळ्यात थोडं कोरडं पीठ मळलं आणि देवघराच्या दिशेनं हळूच म्हणाल्या, "पुरुषोत्तमा, तू तरी हसू नकोस बाबा. तेहतीस व्हायचेत."

"तेहतीस करता खरं काकी," ओट्याशी भांडी विसळणाऱ्या केशरबाई म्हणाल्या, "पन जावय येनार हाय का नाय?"

"येणार."

"त्यानी सांगलंय?"

"सांगेल."

केशरबाईंनी पातेलं पालथं घातलं. आठ वर्षं त्या या घरी भांडी घासत होत्या. कुठलं भांडं कुणाच्या रागानं आपटलंय हे त्यांना पोचे बघून कळायचं. "सासऱ्यानी बोलवल्याबिगर जावय येत नसतो. आनि आमचे काका तं..." त्यांनी बाहेरच्या खोलीकडे हनुवटी उडवली. "सकालपासून नकाशाला दोरा लावून बसलेत."

दोरा उत्तराबाईंचाच होता, वातींच्या कापसाचा वळलेला. विश्राम मोठा नकाशासंग्रह मांडीवर घेऊन फिनलंड आणि रशियाच्या सीमेवर तो दोरा वळणावळणानं बसवत होते. वाकडी सीमा मोजायची तर दोऱ्यानं, हे त्यांनी डोंबिवलीच्या शाळेत चौतीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. विषय इतिहास. पण लढायांपेक्षा त्यांचा जीव तहांवर. कोण कुणाच्या बाजूला गेला, कोण जाता जाता थांबला, कोणी दोघांनाही चहा पाजून घरी पाठवलं, हे सांगताना त्यांचा तास कधी संपायचा ते कळायचं नाही. पोरं त्यांना मागून 'तहसर' म्हणत.

"तेराशे चाळीस किलोमीटर!" ते आतल्या दिशेनं ओरडले. "ऐकलंस? इथून जवळजवळ दिल्लीपर्यंत कुंपण घातल्यासारखं. एवढी सीमा, आणि पलीकडे कोण, तर रशिया!"

"ऐकलं हो."

"सांग तुझ्या जावयाला."

तुझ्या जावयाला. सात महिने झाले, सुश्रुत एकट्या उत्तराबाईंचा जावई होता.

तीन वर्षांपूर्वी तो दोघांचा होता. किंबहुना थोडा जास्त विश्रामचाच. मागचा अधिक महिना श्रावणात आला होता. तेव्हा लेक उर्वी आणि सुश्रुत वर्तकनगरहून छोट्या संचिताला घेऊन वाण घ्यायला आले, आणि सासरे-जावई आले तसे नाटोला जाऊन भिडले. त्या वर्षी फिनलंड नुकतं आत गेलेलं, स्वीडन दाराशी ताटकळत उभं, आणि तुर्कस्तान आतून कडी धरून बसलेलं. विश्रामनी लोणच्याची बरणी म्हणजे रशिया केली, मिठाचं भांडं फिनलंड. सुश्रुतनं अनारशांच्या ताटाकडे बघून विचारलं, "बाबा, स्वीडन आलं की त्यांचे होतील बत्तीस. मग आमच्या ताटात हा तेहतिसावा कोण?" विश्राम इतके हसले की त्यांना ठसका लागला. वाढपी म्हणून उभ्या असलेल्या उत्तराबाईंना फक्त एवढंच कळलं, की रशिया उघडा राहिलाय आणि लोणच्याला हवा लागतेय.

मग गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, सुश्रुतनं पुरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं की कंपनी त्याला फिनलंडला पाठवतेय. तांपेरे नावाचं गाव. तिथं लिफ्टचे आराखडे करायचे. तिघंही जायचं, जूनमध्ये.

विश्रामनी हातातला घास खाली ठेवला. "सत्तर वर्षं शहाण्यासारखा कुंपणावर बसलेला देश. दोनदा रशियाशी लढला, जमीन गमावली, आणि त्यातून शिकला, की शेजारी अस्वल असेल तर ढोल वाजवायचे नाहीत. त्यानं आता कुठं उडी मारलीय. आणि तू माझ्या नातीला नेमकी आता तिथं नेणार?"

"त्यांनी हौसेनं मारली का उडी? शेजारच्या घराला आग लागलेली बघितली त्यांनी."

"म्हणूनच म्हणतो, जिथं आग लागण्याची भीती आहे तिथं..."

"कुंपणावर बसणं सोपं असतं, बाबा," सुश्रुत म्हणाला. "ते तुम्हाला कुणी शिकवायला नको."

 कुंपण कुठलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. उर्वी-सुश्रुतचं ठरत होतं तेव्हा विश्रामच्या थोरल्या भावानं, भाऊंनी, दुसरंच स्थळ आणलं होतं आणि हट्ट धरला होता. विश्राम चौदा महिने ना हो म्हणाले ना नाही. "मी दोन्ही बाजू ऐकतोय," एवढंच म्हणत राहिले. पोर मात्र त्या चौदा महिन्यांत सुकून गेली.

विश्राम पानावरून उठले. "उत्तरा, त्यांना सांग, अतिथी म्हणून कधीही या. सल्ल्याला येऊ नका." त्यांना! ज्याला बारा वर्षं 'अरे सुश्रुत' म्हणत आले, त्याला.

तेव्हापासून सगळा कारभार उत्तराबाईंच्या तोंडून. "सांग त्यांना, संचिताच्या शाळेचा दाखला वेळेत काढा." "आई, बाबांना सांगा, काढला." संक्रांतीला तिळगूळही त्यांच्याच हातून इकडचा तिकडे गेला. बिचाऱ्या दोन्हीकडे गोड बोलत राहिल्या. पण हा अधिक महिना सरला की पाचव्या दिवशी विमान होतं. हे दोघे असेच, एकमेकांच्या दाढीकडे बघत, विमानतळावर निरोप घेणार आणि मग मध्ये सात समुद्र. विश्राम बहात्तर वर्षांचे. पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. देव सगळ्यांना आयुष्य देवो, पण उत्तराबाई हिशेबी नसल्या तरी आंधळ्या नव्हत्या. वाणाला बोलावलं आणि दोघे बोलले, तर या महिन्यातच. नाहीतर राहिलंच.

त्यांचे नेम या महिन्यात वाढलेले असत. पहाटे स्नान, पोथीचा अध्याय, तेहतीस फुलवाती, आणि मौनभोजन. पानावर बसून हात जोडले की तोंडातून शब्द नाही, थेट आचवेपर्यंत. सासूबाईंनी हे व्रत दिलं तेव्हा बजावलं होतं, "खुणाही करायच्या नाहीत हो. खुणा करणं म्हणजे हातानं बोलणंच." एरवी याचा काही त्रास नव्हता. दोघंच जेवायचे. विश्राम बोलायचे, त्या जेवायच्या. मौन नसायचं तेव्हाही साधारण असंच असायचं.

खोटं बोलायचं नाही, असा नेम मात्र त्यांनी कधी धरला नव्हता. तो धरावा लागेल असं वाटलंच नव्हतं त्यांना.

अनारसे झाले त्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीत जाऊन सुश्रुतला फोन लावला. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी कुरडयांची चटई वाळत होती.

"आई, बाबा बोलावत असतील तर येईन. तुम्ही बोलावलंत म्हणून बाबांच्या घरी कसा येऊ?"

"अरे, तेच तर." उत्तराबाईंनी तुळशीचं एक पान खुडलं आणि परत कुंडीत टाकलं. "त्यांना चुकल्यासारखं झालंय. माफीच मागायची म्हणतात. पण फोनवर नको, समोर बसून."

"बाबा? माफी?"

"आता वय झालं. पण तू त्यांना आधी काही विचारू नकोस हं. त्यांचे ते बोलतील."

 सुश्रुत हळू आवाजात म्हणाला, "येतो आई. रविवारी."

आत येऊन त्यांनी विश्रामसमोर चहाचा कप ठेवला. "सुश्रुतचा फोन होता."

"बरं."

"रविवारी येतोय. म्हणाला, त्या दिवशी बाबांना नको ते बोललो. माफी मागायची आहे, पण धीर होत नाही."

विश्रामनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणाला असं?"

"आता खोटं कशाला सांगू?"

एवढं बोलून त्या तडक देवघरात गेल्या आणि त्या दिवशी तेहतीसच्या जागी चौतीस फुलवाती लावल्या.

त्यांनी मनाशी सगळं बांधून ठेवलं होतं. आपण काही पंगतीला बसायचं नाही. वाढायला उभं राहायचं. एक म्हणेल, "बोल", दुसरा म्हणेल, "तुम्ही बोला", तेवढ्यात आपण आमरस घेऊन मध्ये शिरायचं. "अहो, तो काय म्हणतोय माहितेय का..." करत दोन्ही टोकं हळूहळू जवळ ओढायची. सात महिने तेच तर केलं होतं. जेवणं झाली की घरच्या रीतीप्रमाणे वाण, विश्रामच्या हातानं. संपलं.

रविवारी माणकोलीच्या पुलावरून गाडी पंचवीस मिनिटांत दारात. सुश्रुत वाकून नमस्काराला आला. विश्रामनी त्याच्या डोक्यावरच्या हवेला आशीर्वाद दिला. नऊ वर्षांची संचिता चपला न काढताच अनारसे मोजायला धावली आणि आजीचा ओरडा खाऊन परत आली. पानं मांडली. रांगोळी झाली. उर्वीनं आल्या आल्या ओढणी खोचून कढई ताब्यात घेतली होती.

"आई, तू बस. पुऱ्या मी तळते, वाढतेही मीच."

"छे गं, मी मागाहून बसेन तुझ्याबरोबर."

"आई," सुश्रुत पाटावरून अर्धा उठला. "तुम्ही बसल्याशिवाय मी बसणार नाही. आता परत कधी तुमच्या शेजारी जेवायला मिळणार?"

जावई असं म्हणाल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे? उत्तराबाईंचं मन लोण्यासारखं विरघळलं. त्या बसल्या. पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, डोळे मिटले, पुरुषोत्तमाचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा समोर विश्राम बसले होते, त्यांच्यासमोर सुश्रुत, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. समोरच्याला मोठ्या मनानं क्षमा करायला तयार असलेल्या माणसाचा.

आणि तेव्हा उत्तराबाईंच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. आता आचवेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खूणसुद्धा करायची नाही.

वरणभात झाला. कोणी बोललं नाही. बटाट्याची भाजी झाली. कोणी बोललं नाही. दोघेही अधूनमधून मान वर करायचे, समोरचा बोलेल म्हणून थांबायचे, आणि परत पानात बघायचे. आत पुरी तुपात पडली की चर्र आवाज व्हायचा तेवढाच.

शेवटी विश्रामनी सवयीनं म्हटलं, "उत्तरा, विचार त्यांना, मठ्ठा हवा का."

उत्तराबाईंनी भाताचा घास घेतला.

"आई, बाबांना सांगा, घेतलाय मी."

उत्तराबाईंनी दुसरा घास घेतला.

"अहो, आजीचं मौन आहे," संचिता म्हणाली. "तिला काय सांगताय?"

"उर्वी!" विश्रामनी आत हाक मारली.

"मी पुऱ्या तळतेय, बाबा. मला मध्ये घेऊ नका. मी त्यासाठी आले नाहीये."

राहिली संचिता. तिनं थोडा वेळ काम चोख केलं. "बाबा, आजोबा विचारतायत, बर्फ किती महिने असतो. आजोबा, बाबा म्हणतायत, पाच. बाबा, आजोबा म्हणतायत, मग शाळा..." इथं तिचा आमरस वाटीतून ताटात गेला आणि ती वैतागली. "तुम्हाला कान नाहीत का? एवढे समोर तर बसलाय! मी नाही सांगणार जा."

विश्राम खाकरले. मास्तरकीतलं खाकरणं ते; त्यानंतर वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. "हं. तर. काही बोलायचं होतं म्हणे."

"हो, बाबा. मी ऐकतोय."

"तू ऐकतोयस? मी ऐकतोय."

"नाही, म्हणजे... तुम्ही काही म्हणणार होतात ना?"

"मी? मी काय म्हणणार? तूच माफी मागणार होतास. मी म्हटलं, येऊ दे पोराला, मन मोठं करू."

"मी? बाबा, माफी तुम्ही मागणार होतात! मी तर येताना उर्वीला म्हटलं, त्यांना जास्त बोलू द्यायचं नाही, मध्येच थांबवून पाया पडायचं."

दोघांच्या माना एकाच वेळी वळल्या.

उत्तराबाई काकडीची कोशिंबीर बघत होत्या. त्यात दाण्याचं कूट किती आहे याचा त्यांनी यापूर्वी इतका बारकाईनं विचार कधीच केला नव्हता. कानाच्या पाळ्या तापल्या. स्वयंपाकघरातली चर्र थांबली; उर्वी दारात झारा घेऊन उभी होती. आता हा उठेल, उत्तराबाईंना वाटलं. दिवाळीला ते उठले, आता हा उठेल, आणि हे सगळं आपल्या खोटेपणानं. या महिन्यातल्या मौनाचे बावीस दिवस झाले होते. बावीस दिवस, आणि तसं बघितलं तर बेचाळीस वर्षं. सासूबाईंनी दिलेलं व्रत एकदाही मोडलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही. पण देव काय, समजून घेतो. त्यांनी घास खाली ठेवला. ओठ उघडले.

"अंहं!" विश्राम ओरडले. "उत्तरा, बोलायचं नाही!"

"आई, नको!" सुश्रुतनं खरकटाच हात पुढे केला. "आमच्यापायी नको. खरंच नको."

ओठ मिटले.

"बघ, आता मोडलं असतं तिचं," विश्राम जावयाला म्हणाले, जणू दोष दोघांत निम्मानिम्मा वाटून घ्यायचा होता. "दुसरं कुणी मोडायला लावलं तरी तिलाच लागतं ते. प्रायश्चित्त म्हणून महिनाभर अळणी जेवत बसेल."

"मला ठाऊक आहे. मागं उर्वीच्या आजारपणात एक उपास मोडला तेव्हा बसल्या होत्या."

"मग आपणच काय ते..."

"हो. आपणच."

 विश्रामच्या मिशीत काहीतरी हललं. "काय बाई आहे बघ. दोन राजधान्यांना दोन खलिते. दोन्ही खोटे."

"आणि एकाच दिवशी, बाबा. मला सव्वासहाला."

"मला चहाबरोबर. म्हणजे साडेसहा." ते उत्तराबाईंकडे बघत होते, आणि त्या नजरेत राग शोधूनही सापडत नव्हता. "चौतीस वर्षं मी हे शिकवलं, आणि घरात कोण बसलंय ते मला माहीत नाही."

सुश्रुत हसला. मग थांबला. पुरीचा तुकडा त्यानं नुसताच ताटात फिरवला. "बाबा, एक सांगायचं राहिलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. ठाण्याचं ऑफिस बंद झालं. मार्चमध्ये. दिवाळीलाच पत्र आलं होतं. तिकडे जा, नाहीतर घरी बसा. एवढंच होतं त्यात."

विश्राम बघतच राहिले. "आणि हे तू मला..."

"तुमच्यासमोर कसं सांगू, की नोकरी जातेय? म्हणून मोठ्या ऐटीत बोललो, कंपनी पाठवतेय. तुम्ही कुंपणाचं काढलंत आणि मला... माझ्यापुढे कुंपणच नव्हतं, बाबा. असतं तर मीही बसलो असतो."

पंखा फिरत होता. उत्तराबाईंच्या पानात दहीभाताचे चार घास राहिले होते. एरवी चार घासांना किती वेळ लागतो? त्यांना एकदम लख्ख समजलं: हे चार घास संपले, आपण आचवलो, की आपलं तोंड मोकळं. आणि ते मोकळं झालं की हे दोघे पुन्हा "उत्तरा, सांग त्याला" आणि "आई, सांगा त्यांना". त्यांनी भाताचं एक शीत उचललं. एकच. ते सावकाश चावलं.

"मी सोपं म्हणालो ते चुकलं माझं," सुश्रुत पुढे म्हणाला. "कुंपणावर बसणं."

"सोपं नव्हतंच ते." विश्रामचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. "पण शहाणपणही नव्हतं. मी सगळ्यांना सांगायचो, दोन्ही बाजू ऐकतोय. कसल्या दोन बाजू? मी भाऊंना भ्यालो होतो. वडील गेल्यावर त्यांनी शिकवलं मला. त्यांना नाही म्हणायला जीभच उचलेना." दारातल्या उर्वीकडे त्यांनी बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "पोरीनं चौदा महिने वाट बघितली. मी इतिहासातले दाखले देत बसलो."

उर्वीनं झारा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, वडिलांच्या वाटीत न विचारता आमरस वाढला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली आणि परत आत गेली.

उत्तराबाईंनी दुसरं शीत उचललं.

"आता मला सांग," विश्रामनी डाव्या हातानं सदऱ्याच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. बारीक अक्षरात भरलेला. "तांपेरेपासून ती सीमा नेमकी किती? दोऱ्यानं मला अडीचशेच्या वर येतंय, पण दोरा कापसाचा, ताणला जातो."

"बरोबर येतंय, बाबा. जवळपास तेवढंच."

"आणि काही झालंच तर?"

"इमारतीखाली आसरा आहे. खडकात खणलेला. सगळ्या मोठ्या इमारतींना असतो तिथं. व्हिडिओवर दाखवला मला त्यांनी. एरवी पोरं तिथं हॉकी खेळतात."

"हॉकी?" संचितानं मान वर केली. "मला कुणी सांगितलंच नाही!"

"त्यानं तुला धीर आला?" विश्रामनी विचारलं. "मला तर ऐकूनच धास्ती वाटली. जे लोक घर बांधताना आधी लपायची जागा खणतात..."

"मलाही वाटली होती धास्ती." सुश्रुतनं खाली बघितलं. "रात्री झोप लागत नाही, बाबा. उर्वीलाही बोललो नाही. तुम्ही जे जे दिवाळीला म्हणालात, ते सगळं मी आधीच मनात म्हणून बसलो होतो. म्हणून तर एवढं झोंबलं."

 विश्रामनी कागदाची घडी घातली. मग आपल्या पानातली, अजून टम्म फुगलेली पुरी उचलून त्यांनी जावयाच्या पानात ठेवली. असं उष्ट्या पानातून कुणी कुणाला देत नाही. उत्तराबाईंच्या घरात तर नाहीच. त्यांनी ते पाहिलं आणि तिसरं शीत उचललं.

"खा. गार होईल," विश्राम म्हणाले. "अरे, पण मला एक कळत नाही. हे फिनलंडवाले एवढे हुशार, सत्तर वर्षं दोघांनाही खेळवलं. मग अर्ज करताना स्वीडनची सोबत कशाला घेतली? एकटे गेले असते तर तुर्कस्ताननं एवढं ताणलं नसतं."

"सोबत घेतली म्हणून तर धीर झाला त्यांना! एकटं कोण जातंय त्या दाराशी?"

"पण शेवटी गेलं ना एकटंच आत? आणि स्वीडन बसलं वर्षभर उंबऱ्यावर."

"तसं नाही बाबा, तुम्ही तारखा बघा..."

"तारखा तू मला सांगतोस?"

आवाज चढले. संचितानं कंटाळून आमरसात बोट बुडवलं. उत्तराबाईंनी कान देऊन ऐकलं. भांडणच होतं, पण त्यात आता 'उत्तरा' नव्हतं, 'आई' नव्हतं. मग त्यांनी उरलेला दहीभात एका दमात संपवला. हात धुतले, चूळ भरली, डोळ्यांना पाणी लावलं.

वाणाचं ताट देवापुढे तयार होतं: तेहतीस अनारसे, खसखशीची बाजू वर, मध्ये दिवा. त्यांनी दिवा लावला आणि विश्रामच्या हातात ताट दिलं. पंगत उठली होती, पण दोघे बेसिनपाशीही बोलतच होते, हात पुसतानाही. सुश्रुत पाटावर बसला. विश्रामनी ताट पुढे केलं. त्यानं दोन्ही हातांनी ताटाचे काठ धरले.

"...आणि समजा, तुर्कस्ताननं अडवलंच नसतं," विश्राम म्हणत होते, "तर आज काय वेगळं असतं? मला एक सांग."

"बाबा, प्रश्न तो नाहीच आहे."

"मग कुठला आहे?"

एका बाजूनं सासरा, दुसऱ्या बाजूनं जावई, मध्ये ताट अधांतरी. दिव्याची ज्योत दोघांच्या बोलण्यानं इकडून तिकडे वाकत होती. उर्वी फोटो काढायला मोबाईल धरून उभी होती, तिचा हात दुखायला लागला. एक मिनिट झालं, दोन झाली.

उत्तराबाई आता बोलायला मोकळ्या होत्या. बोलायचं नव्हतं खरं तर त्यांच्या मनात.

"अहो," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "सोडा आता ते ताट. द्यायचं असतं."